छोट्या ट्रॅक्टरवर चढताना आणि उतरताना



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्याख्यानमालांतून इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा, साहित्य अशा मोठमोठ्या विषयांवर बोलले गेले आहे. त्यांच्या पंगतीत 'छोट्या ट्रॅक्टरवर चढावे कसे आणि उतरावे कसे' हा विषय बसवणे म्हणजे शालूला गोणपाटाचे ठिगळ लावणे होय, असे काहींना वाटेल. माझ्या एका स्नेह्यांनी तर पत्रिका पाहून विचारले, "पुढच्या वर्षी खुर्चीवर बसावे कसे, यावर बोलणार काय?" मी म्हटले, "खुर्ची सातशे किलो वजनाची असती, तिला चाके असती आणि तिच्या पोटात इंजिन धडधडत असते, तर अवश्य बोललो असतो."

थट्टा बाजूला ठेवू. हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. ट्रॅक्टर चालवायला शिकवणारे पुष्कळ आहेत. त्यावर चढायला आणि उतरायला कोणी शिकवीत नाही. ते आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. या समजुतीपोटीच कित्येकांचे घोटे, गुडघे, बोटे आणि कधी कधी प्राणही जातात. आणि यात आपणा शहरवासीयांचा काय संबंध, असे म्हणाल, तर संबंध आहे. तो शेवटी सांगतो.

तळोजा हे नाव आज बहुतेकांना औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल तालुक्याचे रूप पालटू लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो सुरू झाली आणि तळोज्याच्या दाराशी शहर येऊन उभे राहिले. तरीही पावसाळ्यात जरा आडबाजूला गेलात, तर आसपासच्या गावांतून भाताची खाचरे पाण्याने भरलेली दिसतात. पनवेललाच खारजमीन संशोधन केंद्र आहे आणि तेथून निघालेल्या भाताच्या वाणांना 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशी आपल्या गावाचीच नावे आहेत. म्हणजे शेती आक्रसली असली तरी संपलेली नाही. बदल झाला तो एवढाच, की खाचरातून बैल गेले आणि त्यांच्या जागी छोटा ट्रॅक्टर आला.

याचे कारण साधे आहे. दोन-चार आठवड्यांच्या कामासाठी वर्षभर बैलजोडी पोसणे परवडत नाही. मोठा ट्रॅक्टर घ्यावा, तर तो आपल्या इवल्याशा खाचरात वळत नाही आणि अरुंद बांधावरून जात नाही. म्हणून पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, बुटका, अंगाने चिंचोळा ट्रॅक्टर कोकणाला सोयीचा ठरला. ज्याला तो विकत घेणे शक्य नाही, तो तासाच्या भाड्याने बोलावतो. नांगरणी, चिखलणी, मळणी, पाण्याची टाकी ओढणे, विटा-वाळू वाहणे, अशी दहा कामे हा एकटा जीव करतो.

आता बैल आणि ट्रॅक्टर यांतील एक फरक पाहा. बैलाच्या शेतीत माणूस बहुधा जमिनीवरच असे. तो औताच्या मागे चालत होता. त्याला चढावे लागत नव्हते आणि उतरावेही लागत नव्हते. चालता चालता तो पडला, तर बैल दोन पावलांवर थांबत. बैलाच्या मागच्या पायांजवळ उभे राहू नये, शिंगाच्या अंगाने जाऊ नये, हे शेतकऱ्याच्या पोराला बोलता येण्याआधी कळे. हे पिढीजात शहाणपण होते आणि ते जपायला शेकडो वर्षे लागली होती. ट्रॅक्टरच्या बाबतीत असे शहाणपण अजून आपल्या अंगात मुरलेले नाही. माणूस पडला आहे, हे ट्रॅक्टरला कळत नाही. त्याला मान वळवून पाहता येत नाही. गियरमध्ये असेल तर तो पुढे जाणार, उतार असेल तर तो घरंगळणार, आणि मागचा दांडा फिरत असेल तर तो फिरतच राहणार. जे शहाणपण अंगात नाही, ते समजून घेऊन अंगी बाणवावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बैठकीवर बसलेला माणूस चालक असतो. हात चक्रावर, पाय ब्रेकवर. यंत्र त्याच्या ताब्यात असते. जमिनीवर चार हात दूर उभा असलेला माणूस पादचारी असतो. यंत्र त्याच्या ताब्यात नसले तरी तो यंत्राच्या तडाख्यात नसतो. परंतु या दोहोंच्या मधले जे चार-पाच क्षण आहेत, एक पाय वर आणि एक पाय खाली असे, त्या वेळी माणूस धड चालक नसतो आणि धड पादचारीही नसतो. यंत्र ताब्यात नाही, आणि माणूस मात्र यंत्राला चिकटलेला. माझ्या सगळ्या सांगण्याचे सार या चार-पाच क्षणांत आहे.

कोणी म्हणेल, चार-पाच क्षणांचे एवढे काय? तर थोडा हिशेब करू. समजा, चालक दिवसभरात तीस वेळा उतरतो आणि तीस वेळा चढतो. अवजार जोडायचे, पात्यात अडकलेले गवत काढायचे, बांध फोडायचा, फाटक उघडायचे, मालकाशी बोलायचे, पाणी प्यायचे, डिझेल ओतायचे. तीस हा आकडा फार मोठा नव्हे. चाळीस दिवसांचा हंगाम धरला, तर बाराशे वेळा चढणे आणि बाराशे वेळा उतरणे झाले. घरातल्या जिन्याची एक पायरी मोडकी असेल आणि तिच्यावरून आपण चोवीसशे वेळा गेलो, तर केव्हा तरी घसरणारच. धोका एका वेळचा लहान असतो. तो चोवीसशे वेळा पत्करला की लहान राहत नाही.

या ट्रॅक्टरची अंगरचना कशी असते ते सांगतो. मोठ्या ट्रॅक्टरला बहुधा सपाट फळी आणि नीटस पायऱ्या असतात. छोट्याला पुष्कळदा त्या नसतात. मध्ये गियरपेटी आणि तिच्या दोन्ही अंगांना पाय ठेवण्याची चिंचोळी पायदाने; चालक घोड्यावर बसावे तसा पेटीवर मांड ठोकून बसतो. डावीकडे क्लचचे पायटे, उजवीकडे ब्रेकची दोन पायटी. मांडीजवळ गियरचे दांडे, उजव्या हाताशी अवजार वर-खाली करणारा हायड्रॉलिकचा दांडा, मागे दोन्ही बाजूंना चाकांवरचे मडगार्ड. एवढ्या दाटीतून एक पाय पेटीवरून पलीकडे न्यायचा असतो. म्हणून चढण्या-उतरण्याची बाजू डावी. उजवीकडून उतरणारा ब्रेक आणि हायड्रॉलिकचा दांडा यांच्या मधून वाट काढतो. त्याच्या विजारीचा पायचा किंवा धोतराचा सोगा दांड्यात अडकला, तर तो स्वतः तरी तोंडघशी पडतो, नाही तर वर उचललेले अवजार तरी खाली येते.

ट्रॅक्टर बुटका आहे, हीच खरी भूल आहे. उंच शिडीवर माणूस जपून चढतो. गुडघाभर उंचीची कोणी भीती बाळगत नाही. म्हणून छोट्या ट्रॅक्टरवरून लोक उतरत नाहीत, उडी मारतात. ही उडी किती महाग पडते, ते पाहा. साठ सेंटिमीटर उंचीवरून साठ किलो वजनाचा माणूस खाली आला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास असतो. तो गुडघे वाकवून तीस सेंटिमीटरांत थांबला, तर पायांवर त्याच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. परंतु दिवसभर बसून पाय आखडलेले असतील आणि तो ताठ पायांनी पाच सेंटिमीटरांत थांबला, तर तोच भार सरासरी तेरा पट होतो. साठ गुणिले तेरा म्हणजे सातशे ऐंशी किलो. म्हणजे क्षणभर का होईना, जवळजवळ त्या छोट्या ट्रॅक्टराएवढा भार त्या बिचाऱ्याच्या टाचेवर, घोट्यावर आणि कमरेवर येतो. त्यातून एक पाय आधी टेकला, किंवा खाली दगड, बांधाची कड अथवा चिखलात लपलेला खड्डा असला, तर सारा भार एकाच घोट्यावर जातो. युरोपातील नियमांनी ट्रॅक्टरची सर्वांत खालची पायरी जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटरांहून उंच नसावी असे ठरवले आहे. पण ट्रॅक्टर बांधाच्या कडेला उभा असेल आणि पाय बांधाखालच्या चरात पडला, तर पंचावन्नाचे ऐंशी व्हायला वेळ लागत नाही. नियम सपाट जमिनीवर मोजलेला असतो. आपले खाचर सपाट नसते.

चिखलाची गोष्ट निराळीच आहे. आपल्याकडे भाताचे काम म्हणजे चिखलाचे काम. खारट भागातली चिकण माती तर लोण्यासारखी निसरडी. तिने माखलेला तळवा, मग तो अनवाणी असो की रबरी चपलेचा, लोखंडी पायदानावर ठेवला की तो साबणावर ठेवल्यासारखाच होतो. तो चिखल पायदानावरून क्लचवर जातो. क्लच दाबून धरलेला पाय चिखलामुळे सटकला, तर ट्रॅक्टर बेडकासारखा उडी घेतो; आणि त्या वेळी कोणी चढत किंवा उतरत असेल, तर तो सरळ मागच्या चाकाच्या पुढ्यात पडतो.

याच क्लचचा दुसरा एक दुरुपयोग मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. पायदान चिंचोळे, पायरी नाही, म्हणून काही जण चढताना क्लचच्याच पायट्यावर पाय देऊन वर येतात. इंजिन चालू आहे, गियर पडलेला आहे, आणि केवळ क्लच दाबलेला आहे म्हणून यंत्र थांबले आहे, अशी स्थिती असेल, तर पाय उचलताच काय होईल, हे सांगायला नको. क्लच ही पायरी नव्हे. तो बंदुकीचा चाप आहे, असे समजूनच त्याच्याकडे पाहावे.

चिखलणीच्या वेळी मागच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाके जोडतात. शेतकरी त्यांना केज व्हील म्हणतात. ती चिखलात रुततात आणि चांगली पकड घेतात; पण त्यांच्यामुळे ट्रॅक्टरची रुंदी वाढते आणि चालकाची नेहमीची वाट अडते. मग तो त्या पट्ट्यांवरच पाय देऊन वर जातो. कडा धारदार, वर ओला चिखल. पाय निसटला की नडगी सोलून निघते. जखम लहान दिसते म्हणून पाण्याने धुऊन माणूस पुन्हा कामाला लागतो. परंतु खाचराचे पाणी म्हणजे गंगाजल नव्हे. अशा जखमेतून धनुर्वात होऊ शकतो. आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो, तोही अशाच फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. म्हणून चिखलात झालेली जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, झाकावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पुढे दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर खाचरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता मागच्या बाजूला येऊ. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक फिरता दांडा असतो. त्याला सर्वजण पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, पाण्याचा पंप हे सारे त्याच्यावर चालतात. त्याची नेहमीची गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा सात सेंटिमीटर जाडीचा धरला, तर एका फेऱ्यात तो बावीस सेंटिमीटर कापड गुंडाळतो आणि एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर. खांद्यावरच्या पंचाचे टोक, साडीचा पदर, रेनकोटची नाडी, सैल बाही यांपैकी काहीही त्यात सापडले, तर 'अरे' म्हणेपर्यंत पंचा संपतो आणि माणूस सुरू होतो. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूने, अवजाराला जोडणाऱ्या दांड्यांवर पाय देऊन चढणे-उतरणे हे कोणत्याही सबबीखाली करू नये. रोटाव्हेटरवरून उडी मारून उतरणारा तर यमाच्या दारातली शॉर्टकट वाट धरतो. पीटीओवर झाकण दिलेले असते, ते अडचण म्हणून काढून टाकणारेही महाभाग आहेत. ते झाकण म्हणजे विहिरीचा कठडा होय. पाणी काढायला अडचण होते म्हणून कोणी कठडा पाडत नाही.

सर्वांत घातक प्रकार राहिलाच. ट्रॅक्टर सुरू करायला वर बसावे, क्लच दाबावा, गियर मोकळा आहे हे पाहावे आणि मग किल्ली फिरवावी, अशी रीत आहे. हल्लीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये, अशी योजना असते. ती बिघडली की दुरुस्त करण्याऐवजी काही जण खाली उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची टोके जोडतात. अशा वेळी गियर मोकळा नसला, तर इंजिन सुरू होताच यंत्र चालू लागते. आणि उभा राहणारा कोठे असतो? बरोबर मागच्या चाकाच्या पुढे! ताशी दोन किलोमीटर हा चालण्याहूनही मंद वेग झाला. पण त्या वेगानेही चाक सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक पुढे येते. माणूस चाकापासून हातभर अंतरावर असतो. त्याला एक सेकंदही मिळत नाही. चढण्याचे चार क्षण वाचवायला गेलेला माणूस आयुष्य घालवून बसतो.

१९५९ साली स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना, ते उलटले तरी चालक चिरडू नये म्हणून, लोखंडी संरक्षक चौकट सक्तीची केली. त्यानंतर तेथील मृत्यू फार मोठ्या प्रमाणात घटले आणि पुढे इतर देशांनीही तोच मार्ग धरला. कायद्याने आणि चांगल्या रचनेने जीव वाचतात, याचे हे ठळक उदाहरण आहे. परंतु ती चौकट बैठकीवर बसलेल्याला वाचवते. अर्धा चढलेल्याला आणि अर्धा उतरलेल्याला ती वाचवू शकत नाही. त्याला वाचवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे सवय. ती सवय कशी असावी, ते आता क्रमाने सांगतो.

उतरण्यापूर्वी अवजार जमिनीला टेकवावे. पीटीओ बंद करावा. सपाट जमिनीवर गियर मोकळा करून हातब्रेक लावावा; उतारावर इंजिन बंद केल्यावर गियर पाडून ठेवावा आणि चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. पुष्कळ डिझेल इंजिने केवळ किल्लीने बंद होत नाहीत. त्यांना ओढून थांबवण्याची वेगळी मूठ असते. ती कोठे आहे, हे चालकालाच नव्हे, तर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. संकटात ओरडणारे दहा असतात. मूठ ओढणारा एकही नसतो, ही आपली रीत बदलली पाहिजे.

इंजिन बंद झाल्यावर लगेच उठू नये. तास-दोन तास थरथरत्या बैठकीवर बसून पाय बधिर झालेले असतात. चार श्वास घ्यावेत, पाय दोनदा आखडून पसरावेत, खाली काय आहे ते पाहावे. मग तोंड यंत्राकडे करून, शिडीवरून उतरतो तसे उतरावे. दोन हात आणि दोन पाय अशा चार आधारांपैकी तीन सतत टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. नारळाच्या झाडावर चढणारा पाडेली हेच करतो. त्याला ते कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. हातात डबा, कोयता किंवा मोबाइल असेल, तर तो आधी खाली द्यावा. धरायला मडगार्डवरची मूठ असावी. स्टिअरिंगचे चक्र फिरते आणि गियरचा दांडा सरकतो, म्हणून त्यांना आधार मानू नये. धूर सोडणाऱ्या नळीजवळ हात नेऊ नये. ती काम थांबल्यावरही बराच वेळ तापलेली असते.

चढतानाही हीच रीत उलट क्रमाने पाळावी आणि आधी यंत्राभोवती एक फेरी मारावी. लहान मूल चाकाआड बसले असेल, तर ते बैठकीवरून दिसत नाही. आणि मुलांचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकू. छोट्या ट्रॅक्टरवर एकाचीच बैठक आहे. मडगार्डवर नातवाला बसवून शेतात फेरी मारणे हे आपल्याकडे कौतुकाचे मानतात. तेथून घसरलेले मूल नेमके मागच्या चाकाखाली जाते. नातवावर माया असेल, तर त्याला बांधावर उभे राहून टाळ्या वाजवू द्याव्यात.

यंत्रातही थोडी सुधारणा करता येते आणि ती महाग नाही. पायदानावर गुळगुळीत पत्रा असेल, तर खरखरीत जाळी बसवून घ्यावी. पायरी नसेल, तर चांगल्या कारागिराकडून ती करून घ्यावी आणि मडगार्डवर पक्की मूठ बसवावी. मात्र संरक्षक चौकटीला कधीही भोक पाडू नये की झाळ लावू नये. त्याने तिची ताकद कमी होते. बैठकीजवळ एक लाकडी पट्टी आणि गोणपाटाचा तुकडा ठेवावा. चढण्यापूर्वी पट्टीने तळवा खरवडावा आणि गोणपाटाने पायदान पुसावे. पायात घट्ट बसणारी, तळाला खाचा असलेली पादत्राणे असावीत. सैल चप्पल ही सर्वांत वाईट.

इतके करूनही अपघात झालाच, तर प्रथम इंजिन बंद करावे. कोणी चाकाखाली अडकला असेल, तर घाईघाईने ट्रॅक्टर मागे घेऊ नये. त्याने इजा दुप्पट होते. पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीला लागले असेल, तर त्याला बखोटीला धरून उठवू नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि जागा नीट सांगावी. राज्य शासनाने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना चालवली असून २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात आहे. शेतीकाम करताना अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, तसेच एक हात, एक पाय किंवा एक डोळा गमावल्यास एक लाख रुपये मिळण्याची तीत तरतूद आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण येथे एक कडू गोष्ट आहे. ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका माणसासाठी आहे. ज्याची जमीन गेली आणि जो दुसऱ्याचा ट्रॅक्टर रोजाने चालवतो, तो या कक्षेबाहेर राहतो. तळोज्यासारख्या ठिकाणी, जेथे कारखान्यांसाठी आणि नगरांसाठी जमिनी गेल्या, तेथे अशा चालकाला मोडलेल्या घोट्याचा अर्थ निराळा असतो. सहा आठवडे पायाला प्लास्टर म्हणजे सहा आठवडे चूल अर्धी.

आता सुरुवातीला राखून ठेवलेला प्रश्न. यात शहरवासीयांचा संबंध काय? आपल्यापैकी कित्येकांची गावाकडे वाडिलोपार्जित जमीन आहे; काहींनी पनवेलच्या पुढे हौसेने तुकडा घेतला आहे. आपण सुटीच्या दिवशी जातो आणि तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर बोलावतो. मग बांधावर उभे राहून घड्याळ पाहतो. चालक खाली उतरला, पाय खरवडू लागला, इंजिन बंद केले, की आपल्या तोंडून निघते, "दादा, आटपा की लवकर, तास भरत आला!" तो बिचारा इंजिन चालू ठेवूनच उतरू लागतो, उडी मारतो, चालू पात्याजवळ हात घालतो. एका उतरण्याला रीतीने अर्धा मिनिट अधिक लागते, असे धरू. दिवसभरात तीस वेळा म्हणजे पंधरा मिनिटे. या पंधरा मिनिटांचे भाडे कोणी द्यायचे, हाच खरा प्रश्न आहे. ते चालकाच्या घोट्यातून वसूल होऊ नये, असे मला वाटते.

म्हणून माझी विनंती फार छोटी आहे. यंदा पावसाळ्यात कोणी ट्रॅक्टर बोलावला, तर भाडे ठरवतानाच चालकाला सांगा, "दादा, उतरताना इंजिन बंद करा, तो वेळ माझ्या हिशेबात धरा." एवढे एक वाक्य मालकाच्या तोंडून निघाले, तर शंभर फलकांनी होणार नाही ते काम होईल. बैलाला विसावा द्यायचा असतो, हे आपल्या आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. औत सोडल्यावर ते आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवीत आणि मग आपण पाणी पीत. ट्रॅक्टरला मान नाही. पण त्याच्यावरून उतरणाऱ्याला आहे.